पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर गेली की ती कोण कोण बघतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड आणि कॉम्प्युटर विभागात काम करतेय. पेशंट, नातेवाईक, नवीन लागलेल्या सिस्टर, ज्युनियर डॉक्टर, काउंटरवर बसणारी मुलं, सगळे फिरून फिरून तेच विचारतात म्हणून एकदा बसून लिहूनच काढलं. काही उत्तरं लांबलीत, ती मुद्दामच लांबू दिलीत, कारण त्याच ठिकाणी सगळ्यात जास्त चुका होताना मी बघितल्यात.

माझी नक्की कुठली माहिती सिस्टिममध्ये असते?

नाव, जन्मतारीख, फोन, पत्ता, इन्शुरन्स हे तर असतंच. त्याच्या पुढे आजार, औषधं, ॲलर्जी, लॅबचे रिपोर्ट, एक्सरे आणि स्कॅन, जुनी ऑपरेशनं, बाळंतपणं, मानसिक त्रासाबद्दल डॉक्टरांनी टिपलेली चार वाक्यं, दारू सिगारेटचं प्रमाण. पण लोकांच्या लक्षात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे तुम्ही कधी आलात आणि कुठल्या विभागात आलात याचीसुद्धा नोंद राहते, आणि कधीकधी तेवढ्यावरच सगळं कळतं. एखादी व्यक्ती दर तीन आठवड्यांनी केमोथेरपीच्या डे केअरला येते हे ज्याला दिसलं त्याला रिपोर्ट उघडायची गरजच नाही. म्हणून अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्ये विभागाचं नाव टाकू नका असं मी प्रत्येक ठिकाणी सांगते. फोन टेबलावर पडलेला असतो, स्क्रीन लॉक असली तरी मेसेज वर झळकतो, आणि घरातल्या ज्या माणसाला सांगायचं नव्हतं नेमका तोच शेजारी बसलेला असतो.

मला काही लपवायचं नाहीये, मग एवढं कशाला मनावर घ्यायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. बँकेचं कार्ड चोरीला गेलं तर बँक ते बंद करून नवीन देते. तुम्हाला एचआयव्ही आहे, किंवा पूर्वी डिप्रेशनसाठी औषधं चालू होती, हे एकदा बाहेर गेलं की ते परत आत आणायची काही सोय नाही. नोकरी, लग्न, इन्शुरन्स, सगळीकडे ते पुढ्यात येऊ शकतं.

पण मला स्वतःला त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. माणसाला भरवसा वाटला नाही की तो डॉक्टरांना खरं सांगत नाही. एका तरुण मुलाची ॲडमिशन मी शेजारच्या टेबलावरून बघत होते. फॉर्म भरून घेणारा क्लार्क त्याच्या ओळखीतला निघाला. फिट वगैरे येतात का असं विचारल्यावर त्या मुलाने एकदा क्लार्ककडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे, आणि नाही म्हणाला. येत होत्या. दुखण्यासाठी त्याला ट्रामाडोल दिलं गेलं, जे फिटचा त्रास असणाऱ्याला फार जपून द्यावं लागतं, आणि रात्री वॉर्डात त्याला फिट आली. बरा झाला तो. पण ते “नाही” लिहिताना क्लार्कच्या बोटाखाली झालेला कीबोर्डचा आवाज मला अजून आठवतो.

डॉक्टरांनी पेशंटचं गुपित पाळायचं ही गोष्ट हिपोक्रॅटिसच्या शपथेइतकी जुनी आहे, आणि जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९४८ च्या जिनिव्हा जाहीरनाम्यातही आहे. पेशंट गेल्यानंतरसुद्धा गुपित पाळायचं हे त्यात नंतर घातलं गेलं. कॉम्प्युटर आल्यामुळे शपथ बदलत नाही, फक्त ती आता डॉक्टरांबरोबर क्लार्क, लॅब टेक्निशियन, सॉफ्टवेअर कंपनीचा सपोर्टवाला आणि माझ्यासारख्या माणसांनाही लागू होते.

कागदी फाईल जास्त सेफ होती ना?

काही बाबतीत हो. कागदी फाईल चोरायची तर कुणाला तरी जागेवर यावं लागायचं आणि एका वेळी फार तर दोन हातांत मावतील तेवढ्याच नेता यायच्या. कॉम्प्युटरवरून लाखो लोकांची माहिती एका रात्रीत जाऊ शकते आणि नेणारा दुसऱ्या खंडात बसलेला असतो. पण कागदी फाईल वॉर्डच्या टेबलावर पडलेली असताना ती किती जणांनी चाळली हे कुणालाच कधी कळलं नाही. कॉम्प्युटरमध्ये ते कळू शकतं, फक्त तशी सोय, म्हणजे कोणी काय उघडलं याची आपोआप होणारी नोंद, जिला लॉग म्हणतात, केलेली पाहिजे आणि कुणीतरी ते नियमित बघत असलं पाहिजे.

हॉस्पिटलमधला कुणीही माझं रेकॉर्ड उघडू शकतो का?

उघडता येऊ नये. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच दिसावं अशी व्यवस्था असते, म्हणजे बिलिंगवाल्याला बिलाच्या नोंदी दिसतील पण मानसोपचाराच्या नोट्स दिसणार नाहीत, लॅबवाल्याला कुठली टेस्ट करायची ते दिसेल पण कौटुंबिक हिस्टरी नाही. प्रत्यक्षात मात्र सॉफ्टवेअर बसवताना घाई असते, अडचण नको म्हणून सगळ्यांना सगळं उघडं ठेवलं जातं, आणि नंतर बघू असं म्हणून ते तसंच वर्षानुवर्षं राहतं.

यावर एक केस मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते. फिनलंडमधली एक नर्स ज्या हॉस्पिटलमध्ये नोकरी करायची तिथेच एचआयव्हीसाठी उपचार घेत होती. १९९२ च्या सुमारास तिला वाटायला लागलं की सहकाऱ्यांना आपल्या आजाराबद्दल कळलंय. तेव्हा स्टाफला पेशंटचं रजिस्टर मोकळेपणी बघता यायचं. तिने विचारलं, माझी फाईल कोणी बघितली ते सांगा. सांगताच येईना, कारण सिस्टिममध्ये फक्त शेवटच्या ५ वेळांची नोंद राहायची, तीही माणसाच्या नावाने नाही तर विभागाच्या नावाने, आणि फाईल आर्काइव्हला गेली की तेवढंही पुसलं जायचं. तिथल्या कोर्टांनी तिला पुरावा मागितला, तो तिच्याकडे कुठून असणार. शेवटी युरोपियन मानवी हक्क कोर्टाने २००८ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं असं की माहिती कोणी बघितली हे दाखवणारी नोंद ठेवली असती तर या बाईवर पुराव्याचं ओझं आलंच नसतं, आणि चुकीच्या माणसाला मुळात फाईल उघडताच येणार नाही अशी व्यवस्था असायला हवी होती, नंतर भरपाई मागता येते एवढं पुरत नाही.

दुसरं उदाहरण पोर्तुगालचं. २०१८ मध्ये तिथल्या बॅरेरू मॉन्तिजू हॉस्पिटलला ४ लाख युरोचा दंड झाला. तपासणीत सिस्टिममध्ये डॉक्टर म्हणून ९८५ खाती चालू सापडली आणि हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते २९६. सोडून गेलेल्यांची, तात्पुरत्या आलेल्यांची खाती कुणी बंदच केली नव्हती. तुमच्या इथे नोकरी सोडणाऱ्या माणसाचं लॉगिन कोण बंद करतं आणि किती दिवसांत, हे आजच विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी एचआरला वाटतं आयटी करतं आणि आयटीला वाटतं एचआर कळवेल.

इमर्जन्सीत परवानगी नाही म्हणून फाईल उघडलीच नाही तर?

पेशंट बेशुद्ध आहे आणि त्याला कशाची ॲलर्जी आहे ते आत्ताच्या आत्ता बघायचंय, तेव्हा सिस्टिमने आडवं यायचं नाही. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तातडीचा दरवाजा ठेवलेला असतो. डॉक्टर कारण टाइप करतो, फाईल लगेच उघडते, आणि त्याच क्षणी वेगळी नोंद होऊन ती दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याकडे जाते. बहुतेक वेळा कारण खरंच असतं. पण तपासणारा कुणी नसेल तर हळूहळू सगळेच त्या दरवाजाने ये-जा करायला लागतात.

लॉग लॉग म्हणता, त्यात दिसतं तरी काय?

एक ओळ असते. तारीख, वेळ, कोणाचं लॉगिन, कुठल्या कॉम्प्युटरवरून, कुठल्या पेशंटची फाईल, त्यातलं काय उघडलं, बदललं का, प्रिंट काढली का. दिवसाला अशा लाखो ओळी जमतात, म्हणून सगळ्या वाचणं शक्य नसतं, पण काही गोष्टी शोधून काढता येतात. उपचारात नसलेल्याने उघडलेली फाईल, पेशंटचं आणि स्टाफचं आडनाव एकच, स्टाफमधलाच कुणी ॲडमिट असताना वाढलेली वर्दळ, एखादी प्रसिद्ध व्यक्ती.

आमच्यातलीच एक सहकारी ॲडमिट झाली होती. बरी होऊन कामावर आली आणि आठवड्याभरात माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, सगळे विचारतायत आता कसं वाटतंय, मी तर कुणाला काही बोललेच नव्हते. मी लॉग काढला. ५ दिवसांत २३ जणांनी तिची फाईल उघडलेली, त्यात तिच्यावर उपचार करणारे ९. एक ओळ रात्री २.४० ची होती, भलत्याच विभागातल्या कॉम्प्युटरवरून, डिस्चार्ज समरी ४ मिनिटं उघडी. त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, मॅडम, काळजी वाटली म्हणून बघितलं. आणि मला माहितीये की त्याला खरंच काळजी वाटली होती. पण काळजी वाटली तर फोन करून विचारायचं होतं ना, तिने सांगितलं असतं किंवा नसतं सांगितलं, तो तिचा प्रश्न होता. ती पुढच्या तपासण्यांसाठी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जायला लागली. स्वतः जिथे नोकरी करते तिथे तिला कपडे बदलून तपासणीच्या खोलीत जावंसं वाटेना.

तेव्हापासून स्टाफला पहिल्या दिवशी मी स्वतःची एक लॉगची ओळ दाखवते, माझ्याच नावाची. आपणही यात दिसतो हे डोळ्यांनी बघितलं की माणसं आपोआप जपून वागतात, भिंतीवरच्या दहा पाट्यांनी ते होत नाही.

आमच्या वॉर्डात सगळे एकच पासवर्ड वापरतात, त्यात एवढं काय?

त्यात सगळंच आलं. मॉनिटरच्या खाली चिकटवलेला कागद मी इतक्या ठिकाणी बघितलाय की आता खुर्चीत बसायच्या आधी माझा हात तिकडेच जातो. एका लॉगिनवर सात जणी काम करत असतील तर लॉगमध्ये सातही जणींचं काम एकीच्या नावावर पडतं. चुकीचा डोस कोणी टाकला, फाईल कोणी उघडली, काहीच सांगता येत नाही, आणि जिच्या नावाने लॉगिन आहे ती बिचारी नसती अडकते.

पण मी सिस्टर लोकांना दोष देणार नाही. लॉगिन व्हायला दीड मिनिट लागतं, एका शिफ्टमध्ये पन्नास साठ वेळा करायचं, तिकडे पेशंट हाका मारतोय, अशा वेळी माणूस सोपा रस्ता काढणारच. मी मॅनेजमेंटला नेहमी सांगते की नियमाचं पत्रक काढण्याआधी एक दिवस वॉर्डात घड्याळ घेऊन उभे राहा. कार्ड टेकवलं की आपली स्क्रीन उघडते, उचललं की बंद होते, अशी सोय मिळते. जिथे ती बसवली तिथे मॉनिटरखालचे कागद कुणी न सांगता गेले. तोपर्यंत निदान स्क्रीन दोन तीन मिनिटांत आपोआप लॉक होईल एवढं तरी करा, आणि काउंटरवरचे मॉनिटर रांगेतल्या लोकांकडे तोंड करून ठेवू नका, याला तर काही खर्चच नाही.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालतो का?

पेशंटने स्वतः मागितला आणि त्याच्याच नंबरवर गेला तर ती त्याची मर्जी. मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं. अडचण दोन्ही टोकांना असते. फोटो फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो, तिथून बॅकअपमध्ये, तोच फोन घरी मुलं खेळायला घेतात, काउंटरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप दिवसरात्र उघडं असतं. आणि एक आकडा चुकला की कुणाचा रिपोर्ट कुणाकडे. डॉक्टरांच्या ग्रुपवर सल्ला घ्यायला एक्सरे टाकतात, हेतू चांगलाच असतो, पण कोपऱ्यात नाव, वय, तारीख तशीच दिसत असते. स्कॅनची मूळ फाईल, जिला डायकॉम म्हणतात, तिच्यात तर चित्रावर काही दिसत नसलं तरी आत पेशंटचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल सगळं भरलेलं असतं. वरचं नाव काळं केलं म्हणून आतलं जात नाही. शक्य असेल तिथे पेशंटला त्याच्या लॉगिनने रिपोर्ट उघडता येईल असं पोर्टल द्या.

नाव काढून टाकलं की ओळख पटत नाही ना?

पटते. १९९७ मध्ये लटान्या स्वीनी ही एमआयटीत शिकणारी मुलगी होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी नोकरांचा उपचारांचा डेटा संशोधनासाठी दिला होता, नावं पत्ते काढून. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना खात्री दिली होती की माहिती सुरक्षित आहे. वेल्ड राहायचे त्या केंब्रिज शहराची मतदारयादी स्वीनीने २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. वेल्ड यांची जन्मतारीख असणारे त्या यादीत ६ जण, त्यातले पुरुष ३, आणि त्यांच्या पिनकोडचा एकच. गव्हर्नरसाहेबांचे उपचार तिला सापडले. पुढे तिनेच दाखवलं की जन्मतारीख, लिंग आणि ५ आकडी पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात.

चेहऱ्याचंही तेच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ जणांचे डोक्याचे एमआरआय घेतले, त्यावरून चेहरा तयार केला, आणि साध्या चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातले ८३ टक्के बरोबर ओळखले. म्हणून संशोधनासाठी डेटा देताना पूर्ण जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष, पिनकोडऐवजी मोठा भाग, स्कॅनमधून चेहरा पुसलेला, आणि घेणाऱ्याकडून परत ओळख पटवणार नाही असा करार, एवढं सगळं लागतं. दुर्मिळ आजार असेल तर तेवढंही पुरत नाही, कारण तो आजारच नावासारखा असतो.

हॅकर हॉस्पिटलच्याच मागे का लागतात?

कारण हॉस्पिटल थांबू शकत नाही. दुकानाची सिस्टिम बंद पडली तर दुकान दोन दिवस बंद ठेवता येतं, आयसीयू बंद ठेवता येत नाही, आणि हे फाईली लॉक करून खंडणी मागणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. शिवाय हॉस्पिटलमध्ये जुनी मशीनं फार असतात, लाखोंचं स्कॅनर चालतंय म्हणून त्याला जोडलेला बारा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर कुणी बदलत नाही.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं असंच खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. ज्या भोकातून ते शिरलं त्याचं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. आयर्लंडच्या एचएसई या सरकारी आरोग्यसेवेची गोष्ट अजून शिकण्यासारखी आहे. १८ मार्च २०२१ ला कुणीतरी ईमेलबरोबर आलेली एक्सेल फाईल उघडली. चोर आत शिरले आणि ८ आठवडे आत फिरत राहिले, मधे मधे धोक्याच्या खुणा दिसल्या पण कुणी त्या जोडून बघितल्या नाहीत. १४ मे ला सगळं लॉक झालं आणि देशभरातली हॉस्पिटलं कागद पेनवर आली.

अशी फाईल उघडणाऱ्या माणसावर ओरडू नका, हे माझं आयटीवाल्यांना कळकळीचं सांगणं आहे. ओरडलात तर पुढच्या वेळी तो चूक लपवेल. क्लिक झाल्यावर पाच मिनिटांत फोन करणारा माणूस तुमचं हॉस्पिटल वाचवतो.

खंडणी दिली की डेटा परत मिळतो ना?

२०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत चेंज हेल्थकेअर या हॉस्पिटलांचे इन्शुरन्सचे दावे हाताळणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला. बाहेरून लॉगिन करायच्या एका पोर्टलला दुसरी पायरी, म्हणजे ओटीपीसारखी काही, लावलेलीच नव्हती, चोरलेल्या पासवर्डवर चोर आत गेले. कंपनीने सुमारे २.२ कोटी डॉलर दिले. त्यानंतर दुसऱ्याच टोळीने तोच डेटा आपल्याकडे आहे असं सांगून परत पैसे मागितले. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती त्यात होती.

आणि फिनलंडमधलं वास्तामो विसरू नका. मानसोपचार देणारी संस्था, तिचा डेटाबेस इंटरनेटला उघडा, मुख्य खात्याला पासवर्डच नाही. चोराने संस्थेकडे पैसे मागितले, मिळाले नाहीत, तर ऑक्टोबर २०२० मध्ये त्याने थेट पेशंटना ईमेल पाठवले की २०० युरो द्या नाहीतर थेरपिस्टला सांगितलेलं सगळं जगजाहीर करतो. हजारो लोकांना असे ईमेल गेले. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मनातलं सांगितलं होतं त्यांना ते वाक्य कुणा परक्याच्या हातात असल्याचं कळणं म्हणजे काय, याचा विचार केला की मला अजून कसंतरी होतं. संस्था पुढे दिवाळखोरीत गेली, चोराला २०२४ मध्ये ६ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली.

आमचा बॅकअप रोज होतो, मग काळजी नाही ना?

तो बॅकअप त्याच नेटवर्कला जोडलेला असेल तर मूळ डेटाबरोबर तोही लॉक होतो. एक प्रत पूर्ण तोडलेली, दुसऱ्या जागी ठेवा. आणि वर्षातून निदान दोनदा तो बॅकअप खरंच परत चढवून बघा, मी स्वतः एकदा सहा महिने रोज यशस्वी दाखवणारा बॅकअप उघडला आणि तो रिकामा निघाला.

एन्क्रिप्शन केलं की झालं का?

एन्क्रिप्शन म्हणजे माहिती कुलूपबंद करून ठेवणं, किल्ली नसलेल्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसते. लॅपटॉप चोरीला गेला किंवा पेन ड्राइव्ह हरवला तर ते तुम्हाला वाचवतं, म्हणून ते हवंच. पण ज्याच्याकडे लॉगिन आहे त्याच्यासाठी कुलूप उघडलेलंच असतं, त्यामुळे चोरलेला पासवर्ड किंवा आतला उत्सुक माणूस याला ते थांबवत नाही.

तब्येतीची ॲप वापरू का?

वापरा, पण डॉक्टरांवर जी गुपित पाळायची जबाबदारी असते ती बऱ्याच देशांत ॲपवर तशीच लागत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने गुडआरएक्स या औषधांवर सवलत देणाऱ्या ॲपवर कारवाई केली, कारण औषधं आणि आजारांची माहिती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांकडे जाहिरातींसाठी जात होती. त्याच वर्षी ट्वेंटीथ्री अँड मी या थुंकीवरून डीएनए तपासणाऱ्या कंपनीमध्ये दुसरीकडून चोरलेले पासवर्ड वापरून सुमारे १४ हजार खाती उघडली गेली, आणि नातेवाईक शोधायच्या सोयीमुळे त्यातून जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती गेली. त्यातल्या बहुतेकांची स्वतःची खाती फुटलीच नव्हती. डीएनएचं असंच आहे, तुम्ही दिलेल्या थुंकीत तुमच्या भावाबहिणींचंही बरंच काही असतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

डिस्चार्ज समरी एआयकडून लिहून घेतली तर?

हॉस्पिटलने करार करून आणलेलं, तुमचा डेटा कुठे जातो आणि कशाला वापरला जातो हे लेखी असलेलं टूल असेल तर ठीक. स्वतःच्या फोनवरच्या फुकटच्या चॅटबॉटमध्ये पेशंटच्या नावासकट नोट्स टाकू नका, नाव काढून सुद्धा जपून, वर वेल्डसाहेबांचं सांगितलंय तेच इथेही.

जुने कॉम्प्युटर आणि मशीनं विकताना काय बघायचं?

डिलीट केलं म्हणजे गेलं असं नाही, हार्ड डिस्क नीट पुसून किंवा फोडूनच द्या आणि त्याचा कागद घ्या. झेरॉक्स मशीन सगळे विसरतात. अनेक डिजिटल झेरॉक्स मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि काढलेल्या प्रती तिच्यात राहू शकतात. अमेरिकेत अफिनिटी हेल्थ प्लॅनने भाड्याने घेतलेली मशीनं परत केली आणि त्यातल्या एका मशीनमध्ये एका न्यूज चॅनेलला लोकांची वैद्यकीय माहिती सापडली. २०१३ मध्ये ते प्रकरण १२ लाख डॉलरहून जास्त भरून मिटवावं लागलं.

नातेवाईक फोनवर विचारतात, सांगायचं का?

फोनवरचा माणूस कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं. ॲडमिशनच्या वेळीच पेशंटला विचारा की कुणाला सांगायचं, आणि एक छोटा शब्द ठरवून घ्या, तो शब्द सांगणाऱ्यालाच माहिती द्या. मुलगाच आहे मी, असं रडकुंडीला येऊन सांगणारा माणूस खोटा निघाल्याचं मी बघितलंय, आणि खऱ्या मुलाला पेशंटने मुद्दाम सांगू नका म्हटल्याचंही बघितलंय. नाही म्हणताना जीव तुटतो, तरी आवाज चढवू नका, मी पेशंटला विचारून तुम्हाला परत फोन करते असं म्हणा आणि खरंच करा.

कायद्यात काय आहे?

अमेरिकेत १९९६ चा हिपा, युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर, भारतात २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा. जीडीपीआरमध्ये आरोग्याची माहिती खास संवेदनशील धरली जाते आणि लोकांना धोका असेल अशी माहिती फुटली तर कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला सांगावं लागतं. हिपात बाधित लोकांना जास्तीत जास्त ६० दिवसांत कळवायचं असतं.

माझी माहिती कोणीतरी बघितली असा संशय आहे, मी काय करू?

आधी आठवा, तुम्ही स्वतः कुणाकुणाला सांगितलं होतं, घरच्यांनी कुणाला सांगितलं का. नंतर हॉस्पिटलला लेखी द्या, तोंडी नको, तोंडी सांगितलेलं दुसऱ्या शिफ्टला पोचत नाही. पत्रात जास्त काही लिहायची गरज नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझं रेकॉर्ड कोणी कोणी, कधी आणि कुठून उघडलं आणि प्रिंट काढली का हे मला कळवा, एवढंच. कुणावर संशय असेल तर त्याचं नाव पत्रात टाकू नका, सगळ्यांचाच लॉग मागा, म्हणजे तुमच्या चुकीमुळे निरपराध माणूस अडचणीत यायचा नाही आणि ज्याच्यावर संशय नव्हता तोही सुटायचा नाही. पत्राची पोच घ्या. काही देशांत नावं देत नाहीत, पण किती वेळा आणि कुठल्या विभागातून उघडलं एवढं तरी मिळू शकतं, आणि समाधान झालं नाही तर डेटा संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करता येते. पोर्टलचा पासवर्ड मात्र लगेच बदला आणि ओटीपी चालू करा. आणि पत्र देताना त्याच टेबलावर विचारून घ्या की इथे लॉग किती दिवस ठेवतात, कारण काही सिस्टिम ठरावीक काळाने तो पुसतात, आणि तुमचं पत्र त्याच्या आधी योग्य माणसाच्या हातात पडलं पाहिजे.